ॲफिलिएट मार्केटिंग: पाच वर्षं टिकेल असा धंदा कसा आखायचा

दुसऱ्याच्या मालाची लिंक आपल्या साइटवर द्यायची आणि तिच्यावरून कुणी खरेदी केली की कमिशन घ्यायचं, हे ॲफिलिएट मार्केटिंग. यात माल तुमचा नसतो, किंमत तुम्ही ठरवत नाही, गिऱ्हाइकाचा फोन नंबर तुमच्याकडे येत नाही आणि कमिशनचा दर कंपनी एका ईमेलवर बदलू शकते. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या असोसिएट्ससाठी (म्हणजे त्यांच्या ॲफिलिएट कार्यक्रमातल्या सदस्यांसाठी) फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला आणि किराण्यावरचा ५ वरून १ वर. ज्यांची सगळी मिळकत त्या एका वर्गातून येत होती, त्यांची कमाई लेखात एक अक्षरही न बदलता निम्म्याहून खाली गेली.

तुमच्या मालकीच्या गोष्टी तीनच: विषयावरची पकड, स्वतःच्या डोमेनवर (वेबपत्त्यावर) साठलेलं काम आणि इथे सांगितलेलं खरं निघतं हा वाचकाचा अनुभव. आखणी यांच्याभोवती करायची. कार्यक्रम, लिंक आणि दर बदलतच राहणार असं धरून चालायचं.

नुसत्या तत्त्वांनी हाती काही लागत नाही, म्हणून खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: ‘घरचं पिण्याचं पाणी’ या विषयावरची मराठी वेबसाइट. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या याच राहतील.

विषय कसा तपासायचा

‘मला आवड आहे’ एवढ्यावर विषय ठरत नाही. तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, एकदा खरेदी झाल्यावर पुन्हा पुन्हा काही लागतं का? वॉटर प्युरिफायर घेतला की दर सहा ते बारा महिन्यांनी सेडिमेंट (गाळ अडवणारा) आणि कार्बन फिल्टर लागतात, दोन-तीन वर्षांनी मेम्ब्रेन (आतला बारीक गाळणपडदा). म्हणजे तोच वाचक परत येतो. दुसरी, घेणारा खरोखर गोंधळलेला आहे का? आरओ (क्षारही काढणारा), यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा), यूएफ (बारीक गाळणीचा) यांत काय घ्यावं हे दुकानदारही धड सांगत नाही. तो ज्यात मार्जिन जास्त ते पुढे करतो. जिथे गोंधळ नाही तिथे तुमच्या लेखाची गरजही नाही. चहाचे कप कोणते घ्यावेत हे लोक चित्र बघून ठरवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला ती वस्तू हाताळता येते का. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) मोजणारा मीटर काही शे रुपयांत मिळतो, पाण्याचे नमुने नातेवाइकांच्या घरून आणता येतात, जुना फिल्टर कापून आत काय साचलंय याचा फोटो काढता येतो. हे जमत नसेल तर तुमचा लेख कंपनीच्या माहितीपत्रकाची नक्कल होईल. अशा पानांना गूगल आपल्या स्पॅम धोरणात ‘थिन ॲफिलिएट’ म्हणतं आणि शोधात मागे ढकलतं.

मग कागद घेऊन बसायचं आणि त्या विषयावर लोक विचारतील असे साठ प्रश्न लिहायचे. साठ सुचले नाहीत तर विषय अरुंद आहे किंवा तुमची माहिती कमी आहे. तीनशे सुचले तर विषय फार रुंद आहे. ‘घरगुती उपकरणं’ असा पसारा मांडून मोठ्या इंग्रजी साइट्सशी झुंजण्यात वर्ष फुकट जातं.

काही विषयांना हात लावायचाच नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचं कमिशन मोठं असायचं, पण ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ आणि त्यांची जाहिरात दोन्हींवर बंदी आली. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. शेअर बाजाराच्या ‘टिप्स’चंही तसंच. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलून आपल्या नोंदणीकृत संस्थांना बिनपरवाना सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवायला मनाई केली. मधुमेह बरा करणारं चूर्ण वगैरे १९५४ च्या जादूई उपचारविरोधी कायद्यात सापडतं. जिथे कमिशन डोळे दिपवणारं असतं, तिथे बहुतेक वेळा जोखीम तुमच्या गळ्यात मारलेली असते.

आधी गणित

हे गणित लोक सगळ्यात शेवटी करतात आणि मग निराश होतात. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण फारसे अवास्तव नाहीत. समजा महिन्याला १०,००० जण साइटवर आले. त्यातल्या १२ टक्क्यांनी लिंक दाबली, म्हणजे १,२००. त्यातल्या अडीच टक्क्यांनी काही घेतलं, म्हणजे ३० ऑर्डरी. रद्द आणि परत गेलेल्या ५ वजा जाता २५ उरल्या. सगळे जण प्युरिफायर घेत नाहीत. कुणी फिल्टर घेतो, कुणी मीटर. करापूर्वीची सरासरी ऑर्डर २,५०० रुपयांची आणि दर ४ टक्के धरला तर ऑर्डरीमागे १०० रुपये. महिन्याचे २,५००. दहा हजार वाचकांचे अडीच हजार रुपये.

यात एक बारीक खाच आहे. कमिशन सहसा कर आणि डिलिव्हरीचा खर्च वगळून मोजतात. १८ टक्के जीएसटीसह १२,००० ला मिळणाऱ्या वस्तूची मूळ किंमत १०,१६९ होते; ४ टक्क्यांनी कमिशन ४८० नव्हे, ४०७ रुपये. शिवाय काही वर्गांत वस्तूमागे कमाल मर्यादा असते. या दोन गोष्टी न पाहता केलेली वहीतली कमाई खात्यात कधीच दिसत नाही.

हे बघून वाचक वाढवायच्या मागे लागण्याआधी कमिशनची बाजू पाहा. फिल्टर किट बनवणाऱ्या एखाद्या छोट्या उत्पादकाशी किंवा पाणी तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेशी थेट बोलून १० टक्के ठरले, आणि त्यांच्या ३,००० रुपयांच्या दहाच ऑर्डरी महिन्याला गेल्या, तरी ३,००० रुपये होतात. तेवढेच वाचक, पण कमाई दुपटीच्या वर. मोठ्या बाजारपेठेच्या लिंका हव्यातच, कारण लोकांचा तिथे विश्वास असतो. पण टिकाऊ कमाई बहुधा अशा दोन-तीन थेट करारांतून उभी राहते. त्यासाठी उत्पादकाला दाखवायला तुमच्याकडे सहा-आठ महिन्यांचे आकडे लागतात, म्हणून ही पायरी दुसऱ्या वर्षाची.

खर्च फार नाही. डोमेन वर्षाला हजाराच्या आत-बाहेर, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) तीन ते पाच हजार, मीटर, नमुने, एखाद्-दोन फिल्टर असं धरून पहिलं वर्ष पंधरा-वीस हजारांत निभतं. खरा खर्च वेळेचा. दीड वर्ष घरखर्च यातून निघणार नाही असं धरून चला. नोकरी असेल तर सोडू नका. पैसे हातात यायलाही उशीर लागतो. ॲमेझॉनचं कमिशन महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतं, म्हणजे मार्चच्या विक्रीचे पैसे मेच्या शेवटी.

करार वाचणं

कार्यक्रमात नाव घालायच्या आधी अटींचं पान उघडून पाच गोष्टी वहीत उतरवा: कुकीची मुदत (लिंक दाबल्यापासून किती वेळातली खरेदी तुमच्या नावावर धरतात), कमिशन कशावर मोजतात, परत आलेल्या मालाचं काय, पैसे कधी आणि किमान किती, आणि लिंक कुठे लावायची नाही.

ॲमेझॉनची कुकी २४ तासांची. त्या वेळात वाचकाने वस्तू कार्टमध्ये टाकली तर पुढे कार्टची मुदत असेपर्यंत, साधारण ९० दिवस, ती विक्री तुमच्या नावावर धरतात. पण मध्येच तो दुसऱ्या कुणाच्या लिंकवरून आला की हक्क त्या लिंकवाल्याचा. शेवटची लिंक जिंकते. म्हणून ‘घ्यायचं नक्की झालंय, कोणतं मॉडेल ते सांगा’ अशा अवस्थेतला वाचक ज्या पानावर येतो, ते पान सर्वांत मोलाचं. होस्टिंग, सॉफ्टवेअर, कोर्स यांच्या कार्यक्रमांत कुकी बहुधा ३० दिवस किंवा जास्त असते.

ॲमेझॉन असोसिएट्समध्ये अर्ज केल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. नवखे लोक साइट उघडल्या दिवशी अर्ज करतात आणि वाचक यायला लागेपर्यंत मुदत संपलेली असते. वीस-पंचवीस लेख झाले आणि रोज पन्नास-साठ माणसं येऊ लागली की अर्ज करा. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करू नका, घरच्यांनाही करायला सांगू नका. ते पकडलं जातं आणि साठलेलं कमिशनही जातं. साइटच्या नावात ‘ॲमेझॉन’ किंवा दुसऱ्या कुणाचा ब्रँड घालू नका. किमती हाताने टाइप करू नका. त्या तासातासाला बदलतात आणि कार्यक्रमाच्या नियमांतही ते बसत नाही. ‘दहा ते पंधरा हजारांच्या गटातला’ असं लिहिलं की भागतं.

क्यूलिंक्ससारखी नेटवर्क अनेक दुकानांच्या लिंका एका खात्यातून देतात आणि त्यातला वाटा ठेवून घेतात. सुरुवातीला सोय म्हणून ठीक. ज्या दुकानातून दर महिन्याला विक्री होऊ लागली, त्याच्याशी मात्र पुढे थेट नातं जोडायचं.

साइट आणि मराठी वाचक

मराठी लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्याच्या चिन्हांची दोन-तीन ओळींची माळ होते आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते. शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता मात्र रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा. माणसं शोधतातही दोन्ही लिप्यांत. ‘प्युरिफायर कोणता घ्यावा’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करणारे खूप असतात. गूगल सर्च कन्सोलमध्ये (तुमची साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) दर महिन्याला क्वेरींची, म्हणजे शोधलेल्या शब्दांची, यादी उघडा आणि लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द लेखात आणा. ‘जलशुद्धीकरण यंत्र’ असं लिहून बसलात तर कुणी येणार नाही.

पहिल्या वर्षाला चाळीस लेख पुरतात. त्यातले पंचवीस अडचणींवर: बोअरच्या पाण्याला चव का येते, टाकीत पिवळा थर का बसतो, मीटरवर ६०० आलं तर काय करायचं. यांतून विक्री कमी होते, पण वाचक इथूनच येतात. आठ-नऊ तुलनेचे. पाच-सहा एकेका मॉडेलवर, आणि तेही हाताळलेल्याच. ‘टॉप टेन’ याद्या शक्यतो टाळा. दहाच्या दहा वस्तू तुम्ही वापरलेल्या नाहीत हे वाचकाला तिसऱ्या ओळीत कळतं.

एक लेख जवळून पाहू: ‘मुंबईत आरओ घ्यावा का?’ मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, त्यात विरघळलेले क्षार कमी. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि तलावाचं पाणी बहुधा त्याच्या खूप खाली असतं. म्हणजे सरळ सांगायचं: पालिकेचं पाणी असेल तर आरओ नको, यूव्ही-यूएफ पुरे. टँकर किंवा बोअर मिसळत असेल तर आधी मोजा. पुढच्याच परिच्छेदात मीटरची मर्यादाही सांगायची, की तो फक्त विरघळलेलं एकूण किती ते दाखवतो. जंतू, फ्लोराइड, आर्सेनिक त्यात वेगळे दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

मग पाच वर्षांचा हिशेब. समजा आरओ १२,००० चा आणि पहिलं वॉरंटीचं वर्ष सोडून देखभाल वर्षाला ४,०००, एकूण २८,०००. यूव्ही ८,००० चा, देखभाल २,०००, एकूण १६,०००. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज १० लिटर धरले तर पाच वर्षांत १८,२५० लिटर. आरओचं पाणी लिटरला दीड रुपयाच्या वर पडतं, यूव्हीचं नव्वद पैशांच्या आत. शिवाय घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. या लेखातून महाग मशीन विकलं जाणार नाही. पण लातूरची बहीण ‘आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, काय घेऊ?’ म्हणून विचारते, तेव्हा मुंबईचा भाऊ तिला हीच साइट पाठवतो, आणि तिथे आरओची खरी गरज असते.

लिंक कुठे लावायची? निर्णय सांगून झाल्यावर लगेच एक आणि हिशेबाच्या तक्त्याखाली एक. प्रत्येक उल्लेखाला लिंक लावली की पान जाहिरातीसारखं दिसतं. पैसे मिळणाऱ्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ हा रेल गुणधर्म द्यायचा, म्हणजे ती पैशांची लिंक आहे हे गूगलला कळतं. गूगलने तो सप्टेंबर २०१९ मध्ये आणला. आणि प्रत्येक लेखगटाला वेगळा ट्रॅकिंग आयडी (विक्री कुठल्या लिंकवरून झाली ते ओळखायची खूण) ठेवा. सगळ्या साइटला एकच आयडी असेल तर वर्षाअखेरीस पैसे आले हे कळतं, कशामुळे आले ते कळत नाही.

कमिशन मिळतं हे सांगणं

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी वेगळी पुस्तिका आली. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेचे नियम जून २०२१ पासून आहेत. मथितार्थ असा की आर्थिक संबंध असेल तर तो ठळक, सोप्या शब्दांत आणि मजकुराच्याच भाषेत सांगायचा. मराठी लेखाखाली बारीक अक्षरात इंग्रजी वाक्य टाकलं तर ते पुरेसं नाही. व्हिडिओत बोलूनही सांगायचं आणि पडद्यावरही दाखवायचं, नुसतं डिस्क्रिप्शनमध्ये नाही. फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

लेखाच्या सुरुवातीला एवढं वाक्य पुरतं: ‘या लेखातल्या काही लिंकवरून खरेदी केलीत तर आम्हाला कमिशन मिळतं, तुम्हाला जादा पैसे पडत नाहीत.’ याने विक्री घटते ही भीती फुकाची आहे.

वाचक कुठून येतील

निम्म्याहून जास्त वाचक एकाच वाटेने येत असतील तर धोका आहे. मार्च २०२४ च्या बदलांनंतर घाऊक भावात लेख पाडणाऱ्या कित्येक साइट्स गूगलमधून दिसेनाशा झाल्या, आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या वर एआयने बनवलेलं उत्तर येऊ लागलं. ‘टीडीएस म्हणजे काय’ असल्या प्रश्नाला आता कुणी आत येत नाही. आत येतो तो स्वतः मोजलेले आकडे, फोटो आणि गावनिहाय अनुभव शोधणारा.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत सर्चसाठी लिहा, पण चौथ्या महिन्यापासून महिन्याला दोन छोटे व्हिडिओ यूट्यूबवर टाका: फिल्टर बदलताना, मीटर लावताना. व्हॉट्सॲप चॅनेल जरूर काढा, मात्र तो परक्याच्या जागेवर आहे हे विसरू नका. ईमेल यादी हीच खऱ्या अर्थाने तुमची. मराठी वाचक ईमेल वाचत नाही म्हणतात, ते बातमीपत्राबाबत बरंचसं खरं आहे. ‘फिल्टर बदलायची आठवण सहा महिन्यांनी पाठवू का?’ असं विचारलं तर पत्ता देतात. संमती स्पष्ट घ्या, नको म्हणणाऱ्याला एका क्लिकवर बाहेर पडता यावं. ईमेलमध्ये दुकानाची लिंक चालेल का हे कार्यक्रमागणिक बदलतं, म्हणून ईमेलमधून आपल्या लेखाकडे आणा आणि लिंक तिथे ठेवा.

हंगाम आधी धरावा लागतो. पाण्याची विचारपूस मार्चपासून वाढते आणि पहिल्या पावसात गढूळ पाणी आलं की पुन्हा. लेख शोधात वर यायला तीन-चार महिने लागतात, तेव्हा उन्हाळ्याचे लेख नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये टाकलेले हवेत. दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलसाठी जूनमध्ये. सेलच्या आदल्या आठवड्यात लिहिलेला लेख पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

कर

सगळ्यांत मोठा गैरसमज इथे आहे. लहान धंद्याला उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून मोकळं होण्याची सोय आहे, पण कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ती लागू नाही. म्हणजे खर्चाची खरी वही ठेवावी लागते: डोमेन, होस्टिंग, मीटर, नमुना वस्तू, इंटरनेटचा धंद्यापुरता भाग. पहिल्या दिवसापासून वेगळं बँक खातं उघडा.

कमिशनवर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के टीडीएस (इथे अर्थ पैसे देतानाच कापलेला आयकर) कापतात (आधी ५ होता) आणि एप्रिल २०२५ पासून ही कपात एका कंपनीकडून वर्षाला मिळणारं कमिशन २०,००० च्या वर गेल्यावर लागते. पॅन दिला नसेल तर २० टक्के जातो. दर तिमाहीला २६एएस (तुमच्या नावावर कापलेला कर दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) उघडून जुळवून पाहा. वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १०,००० च्या वर जाणार असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना आगाऊ कर. महाराष्ट्रात सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख, आणि त्यात तुमच्या पॅनवरची इतर सगळी उलाढालही मिळवायची. परदेशी कार्यक्रमातून डॉलरमध्ये पैसे येऊ लागले की जीएसटीचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तिथे इंटरनेटवरच्या सल्ल्यावर जाऊ नका, सीएला करार दाखवा.

देखभाल आणि कधी थांबायचं

महिन्यातून एक दिवस फक्त दुरुस्तीचा ठेवा. मॉडेल बंद होतात आणि लिंक ‘सध्या उपलब्ध नाही’ अशा पानावर जाते. वाचक मुकाट परत फिरतो. जास्त वाचले जाणारे दहा लेख हाताने तपासा, बाकीच्यांसाठी तुटक्या लिंका शोधणारं साधन वापरा. त्याच दिवशी एक तक्ता भरा: लेख, वाचक, क्लिक, ऑर्डरी, रद्द, कमिशन. वाचक भरपूर आणि क्लिक नाहीत, तर लिंकच्या आधीचा निर्णय गुळमुळीत आहे. क्लिक भरपूर आणि ऑर्डरी नाहीत, तर वस्तू महाग, संपलेली किंवा वाईट शेऱ्यांची आहे. एखाद्या मॉडेलचं रद्द होण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट दिसलं तर शिफारस काढून टाका, दर कितीही चांगला असो.

बाराव्या महिन्याला कमिशन किती आलं ते पाहू नका; ते थोडंच असणार. सर्च कन्सोलमधले इम्प्रेशन (साइट शोधात किती वेळा दिसली) सहाव्या महिन्याच्या तुलनेत वाढलेत का, आणि किमान पाच लेखांतून नियमित क्लिक येतात का, एवढं बघा. अठराव्या महिन्यालाही दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर नवे लेख थांबवा. जे मोजके लेख चालतात तेवढेच ठेवा, त्यांवरून पुढचा, अधिक नेमका विषय ठरवा. डोमेन मात्र तेवढ्यात सोडू नका. वर्षाचे हजार रुपये भरून ते आणखी एक उन्हाळा चालू ठेवावं, कारण पाण्यासारख्या विषयात एखादा लेख दुसऱ्या हंगामातच वर येतो.